मर्ल स्केरिटचं पाण्यातलं मशीन

डनली गावच्या खाटिकखान्यामागं गुरांना गोचिडाच्या औषधात बुडवून काढायचा सिमेंटचा हौद आहे. खाटिकखाना बंद पडला, गुरं गेली, हौद तेवढा राहिला. त्या हौदात छातीएवढं पाणी भरून मर्ल स्केरिट रोज सकाळी उतरायची. हातात झाडूचा दांडा, दांड्याच्या टोकाला तारेनं आवळलेला लोखंडी तवा. पाण्याखालून तो तवा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं फिरवत ती हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि दात खात परत यायची. रस्त्यानं जाणारे गाडी हळू करून बघायचे. एकानं एकदा खिडकीतून मुंडी काढून विचारलं, "मर्ल, धिरडी करतीयास का काय पाण्यात?" तर तिनं दांड्यासकट तवा असा भिरकावला, की त्याच्या गाडीच्या दाराला आजही पोचा आहे.

बाई साठी ओलांडलेली. मान बैलासारखी, मनगटं घोटीव. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं खाटिकखान्याच्या करवतीनं नेलेली. सगळी हयात तिनं हाडावरून मांस सोलण्यात घालवली, आणि तिच्या सुरीपुढं टिकणारा गडी मांस सोलायच्या त्या लांबलचक खोलीत एकही नव्हता. नवरा केला होता, पण तो दुसऱ्या हिवाळ्यातच दोन पिशव्या घेऊन जो गेला तो गेला. ती म्हणायची, "बरं झालं. खायला लई आन् भांडायला कमी."

तवा फिरवण्याचं कारण असं, की पाण्यात चालणारं मशीन येणार होतं, त्याचा हा सराव.

वाळूतलं सोनंनाणं हुडकायची मशीनं डनलीत घरटी एक आहेत. रविवारी लोक बीचवर पोहायला येतात, अंगठ्या घालवतात आणि सोमवारी डनलीकर कानाला हेडफोन लावून त्या वेचतात. पण ती सगळी कोरड्यातली मशीनं. खाऱ्या पाण्याचा वास लागला की बोंब ठोकायची, आणि पाणी आत गेलं की कायमची मुकी व्हायची. मर्लनं अशी दोन मारली होती. पहिल्याला मांस गोठवायच्या पिशवीत घालून रबरानं बांधलं, ते गुडघाभर पाण्यात मेलं. दुसऱ्याला तिनं गाडीच्या टायरची ट्यूब चढवली, ते कमरेएवढ्या पाण्यापर्यंत जगलं. मेल्यावर तिनं ते खाटिकखान्याच्या मोडक्या धक्क्याच्या खांबावर आपटून आपटून फोडलं आणि तुकडे गोळा करून घरी नेले.

नव्या मशीनची गोष्ट वेगळी होती. नुसतं भिजलेलं चालतं असं नव्हे, तर माणसाच्या डोक्यावरून पाणी गेलं तरी ते खाली वाळूशी बोलत राहतं, असं लोक सांगत होते. लेनर्ड पिकट, ज्याचं आमिषांचं आणि गळांचं दुकान होतं, त्यानं तिला त्याचं चित्र दाखवलं होतं. काळं, सडपातळ, पुढं वाटोळी थाळी. तिनं ते चित्र मागून घेतलं आणि गोमांसाच्या फ्रीजवर चिकटवलं. उन्हाळा सरला, मशीन आलं नाही. बोटीवर आहे, बंदरात आहे, पुढल्या खेपेला आहे. रोज सकाळी हौदातून निथळत निघाली की ती लेनर्डला फोन करायची.

"आलं का रं?"

"न्हाई मर्ल, या खेपंलाबी न्हाई."

"लेनी, तुज्या नरड्याचा घोट घीन बघ."

"घ्या की. पर मशीन न्हाई."

आता या बाईला पाण्यातच कशाला जायचं होतं? बाकीच्यांसारख्या कोरड्यातल्या अंगठ्या वेचायला काय झालं होतं?

तिचा बाप, वॉली स्केरिट, खाटिकखान्यात घणवाला होता. गुरं एकामागं एक अरुंद वाटेनं यायची आणि वॉली वरून कपाळावर घण घालायचा. दिवसभर गुरांच्या कपाळाशी काम, संध्याकाळी पोरांच्या. त्याच्या ज्वानीत जत्रेबरोबर ठोसेबाजीचा तंबू यायचा. ढोल बडवून, "हाय का कोण मायेचा पूत?" असं ओरडून तंबूवाला गावच्या गड्यांना आपल्या पैलवानांपुढं उभं करायचा. वॉली तीन फेऱ्या उभा राहिला होता आणि पैलवानाचा जबडा मोडला होता. तंबूवाल्यानं त्याच्या गळ्यात पदक घातलं. वाटोळं, बोराएवढ्या जाड कडेचं, पिवळंजर्द.

"खरं सोनं हाय," वॉली म्हणायचा. "खोट्या माणसाला कुणी सोनं देत न्हाई."

ते पदक त्यानं मरेपर्यंत गळ्यातनं काढलं नाही. मारायला वाकला की ते साखळीवरून झोका घेऊन पुढं यायचं. आधी पदक लागायचं, मग मूठ. मर्लच्या पुढच्या दाताचा टवका त्या पदकानं उडवला होता आणि तिचा धाकटा भाऊ डार्सी याच्या भुवईवरचा व्रणही त्याचाच.

बापाला पुरलं त्या दिवशी डार्सीनं पेटीवर झाकण पडायच्या आत ते पदक काढून आपल्या गळ्यात घातलं. मर्लला ते धक्क्यावर दिसलं. लोक शोकाची बियर पीत होते. "काढ," ती म्हणाली. "ह्यो बघ काढला," म्हणून त्यानं तिच्या कानशिलात दिली. तिनं साखळी धरून ओढली, त्यानं गुडघा घातला, आणि दोघं एकमेकांचे केस धरून धक्क्यावरून खाली पाण्यात गेले. त्या काळी खाटिकखान्याचं रक्त त्याच धक्क्याखाली सुटायचं, त्यामुळं शार्क तिथं राखणीच्या कुत्र्यांसारखे फिरायचे. लोकांनी आकडे टाकून दोघांना वर ओढलं. दोघांच्याही अंगावर पदक नव्हतं.

तो म्हणाला, हिनं पोलक्यात दडवलं. ती म्हणाली, यानं बुटात घातलं.

तेव्हापासून तीसेक वर्षं हेच चाललं होतं. तिनं बैलाच्या मांडीच्या हाडानं त्याच्या ट्रकची काच फोडली. त्यानं तिच्या गाडीच्या सीटखाली कोळंबीची मुंडकी भरून ठेवली, भर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात. एकदा दारूच्या गुत्त्यात त्यानं तिच्या डोक्यात खुर्ची घातली आणि तिनं टाके पडलेल्या डोक्यानंच त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. गावाला याची सवय झाली होती. पण मर्लच्या मनात एक सल राहिला होता, तो या मारामाऱ्यांचा नव्हता. आई मरायला टेकली तेव्हा मर्ल उशाशी होती, गूमूत तीच काढत होती. आईनं डोळे उघडले, तिचा हात धरला आणि म्हणाली, "दे की गं आता त्याचं त्याला. मी कुणाला सांगत न्हाई."

आई तिला चोर समजून गेली. पदक सापडल्याशिवाय हे पुसलं जाणार नव्हतं, आणि पदक धक्क्याच्या टोकाशी पाण्यात होतं याची तिला जशी खात्री होती तशीच ते डार्सीच्या बुटात गेलं याचीही होती. रात्री एक खरं वाटायचं, दिवसा दुसरं.

त्यात त्या वर्षी नगरपालिकेनं किनारा राखायला दगडी बांध घालायचं ठरवलं. हत्तीएवढे धोंडे रस्त्याकडेला येऊन पडले. सोमवारपासून ते धक्क्याच्या मोडक्या खांबांवर ओतायचे होते. एकदा ते पडले की खाली काय आहे ते कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

आणि त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी वादळ आलं. दोन दिवस समुद्रानं हाडकी बीचला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. खाटिकखान्याची हाडं तिथं फेकली जायची म्हणून त्या बीचचं नाव हाडकी. शनिवारी सकाळी बघावं तर पुरुषभर वाळू गेलेली, खाली निळसर चिकणमाती उघडी पडलेली, आणि तिच्यातून जुन्या बरगड्या, गंजलेले आकडे, साखळ्या दातांसारख्या वर आलेल्या. अशी वाळू उतरते तेव्हाच जुनी चीज हाताला लागते. भरती तीच वाळू परत आणून झाकते.

लेनीचा फोन आला तेव्हा मर्ल हौदातच होती.

"आलंय," तो म्हणाला. आवाज मात्र मेलेल्या माणसाचा.

"मग रडतूस कशाला?"

"तुमी या. लौकर या. आन् मर्ल... शांतपनी या."

ती ओल्या अंगानं गाडीत बसली. दुकानात शिरली तर गल्ल्यावर एक लांबोळकं खोकं, खोक्यामागं लेनी, आणि खोक्याच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवून डार्सी.

लेनी स्वभावानं गरीब माणूस. बहीण आली तेव्हा तिला म्हणाला होता, पहिलं मशीन तुझं. भाऊ आला तेव्हा त्यालाही तेच म्हणाला. दोघांपैकी कुणालाही नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. दोन येतील असा त्याचा हिशोब होता. आलं एक.

"हात काढ," मर्ल म्हणाली.

"तू आदी अंग पूस. हौदातली म्हस दुकानात आलीया," डार्सी म्हणाला. तोही साठीचा, टक्कल पडलेला, पण हात खेकड्यासारखे. कालवं फोडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"आवं, दुसरं पुढल्या म्हयन्यात..." लेनी बोलू लागला.

"पुढल्या म्हयन्यात काय धोंड्याखाली घालू?" मर्ल म्हणाली, आणि तिनं खोकं ओढलं. डार्सीनं उलट ओढलं. पुठ्ठा फाटला. डार्सीनं मोकळ्या हातानं तिच्या मानेवर रट्टा दिला. गल्ल्यावर गोठलेल्या पिल्चर्ड माशांची एक लादी होती, विटेएवढी टणक. मर्लनं ती उचलून त्याच्या नाकावर मारली. हाड मोडल्याचा आवाज लेनीला आतल्या खोलीत ऐकू आला, कारण तोपर्यंत तो आतल्या खोलीत पोचला होता.

डार्सी गळांच्या मांडणीवर उताणा पडला आणि मांडणी त्याच्यावर. पाठीत, दंडात गळ रुतले. नाकाची धार लागलेली. मर्लनं मशीन काखेत मारलं, पट्ट्यातले पैसे गल्ल्यावर आपटले आणि दारातून ओरडली, "चोर त्यो चोर, वर शिरजोर!"

"थांब थेरडे!" तो गळ उपटत म्हणाला. "समुद्रात बुडवून मारतो तुला. आज मारतोच."

ओहोटी संपायला अजून वेळ होता, पण फार नाही. मर्लनं गाडीतच रबरी सूट चढवला, पाठीवरची चेन अर्धीच लागली, तशीच पळाली. लांब दांड्याचा पोलादी झारा खांद्यावर. जिलबी काढतात तसलाच, पण टोपलीएवढा, वाळू गळून चीज तेवढी वर राहावी म्हणून भोकं पाडलेला. कमरेला दोन पिशव्या, एक मालाची, एक कचऱ्याची.

किती दिवस तिनं ठरवलं होतं मशीन हातात आल्यावर पहिलं काय करायचं ते. या मशीनांचं असं असतं, की प्रत्येक धातूचा सूर वेगळा. लोखंड खरखरतं, सोनं खाली दबक्या आवाजात गुरगुरतं, तांबं आणि चांदी टिटवीसारखी वर ओरडतात. आणि नको त्या धातूचं तोंड आधीच बांधून ठेवता येतं. गेली कित्येक वर्षं, आधीच्या दोन्ही मशीनांवर, तिनं सोन्याचा सूर सोडून सगळ्यांची तोंडं बांधली होती. बापाचं पदक सोन्याचं. मग तांब्याची बडबड कशाला ऐका? डार्सीही तसंच करायचा. हे तिला ठाऊक होतं, कारण दुर्बिणीतून ती त्याच्यावर नजर ठेवून असायची, आणि तांब्याच्या नाण्याला तो कधी वाकला नव्हता.

पण आज बटणं बारीक, हातात जाड रबरी मोजे, आणि डाव्या हाताला पेरं नाहीत. तिनं दोनदा दाबलं, काहीच झालं नाही. मागं बघितलं तर डार्सीचा ट्रक चिखल उडवत उतरत होता. "मर तिकडं," म्हणून तिनं मशीन होतं तसंच चालू केलं आणि पाण्यात घुसली.

पहिली लाट मांडीवर फुटली. दुसरीनं ती थाळीसकट मागं रेटली गेली. हौदातलं पाणी मारत नव्हतं, हे पाणी मारत होतं. पण मशीन! ते पाण्याखाली गेलं, वरून फेस गेला, आणि तरीही कानात त्याचा आवाज स्वच्छ येत राहिला. मर्ल मोठ्यांदा हसली. एवढ्या दिवसांचं तिचं वाट बघणं त्या एका आवाजात फिटलं. भवताली समुद्र बोंबलत होता आणि कानात तळाची वाळू शांतपणे बोलत होती.

अर्थात शांतपणा लगेच संपला, कारण धक्क्याखाली अख्ख्या खाटिकखान्याचं लोखंड पुरलेलं. खर्र, खर्र, खरखर. आकडे, साखळ्या, खिळे. कुणाचंच तोंड बांधलेलं नाही, सगळी एकदम बोलताहेत. तिचं डोकं फुटायची पाळी आली. छातीभर पाण्यात ती खांबाखांबातून थाळी फिरवत राहिली. कालवांच्या धारदार कडांनी सूट फाटत होता.

"मर्ल!"

डार्सी पाण्यात उतरला होता. अंगात नुसती चड्डी आणि सदरा, नाकाखाली रक्ताची दाढी, दंडात एक गळ अजून तसाच. हातात स्वतःचा झारा.

"भाईर ये! मशीन दे हिकडं!"

"ये की न्यायला! शार्कला वास दे तुज्या नाकाचा!"

तो आला. लाट ओसरल्यावर झाऱ्याचा दांडा त्यानं तिच्या पाठीत घातला, तिनं मशीन वर धरून पायानं त्याच्या ढोपरावर लाथ हाणली, दोघं पडले, लाटेनं दोघांनाही खांबावर घासलं आणि वेगळं केलं. मर्लचं थोबाड फुटलं. तोंडातलं रक्त आणि मीठ तिनं एकत्र थुंकलं आणि थाळी परत खाली टेकवली, आणि त्याच वेळी कानात टिटवी ओरडली.

स्वच्छ. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. लोखंडाच्या खरखरीत मधेच.

मर्लला कळलं, की हे सोनं नव्हे. तांब्याची जुनी पेनी असणार. पण तिच्या डोक्यात दुसरंच आलं. तिनं डार्सीकडं बघितलं, जणू घबाड मिळाल्यासारखे डोळे केले, आणि झारा त्या जागी खपकन वाळूत उभा रोवला.

डनलीत आईबापाला शिव्या द्या, शेजाऱ्याची बायको पळवा, पण एकाचा झारा जिथं उभा आहे तिथं दुसऱ्यानं बोट घालायचं नाही. रोवणाऱ्यानं स्वतः खणावं, नाहीतर आपल्या तोंडानं सांगावं, की तू खण. सांगितलं की चीज खणणाऱ्याची. हा नेम मोडलेला माणूस डनलीच्या कुठल्याच बीचवर परत उभा राहिलेला नाही.

डार्सी जागच्या जागी थबकला. उचललेला दांडा तसाच वर राहिला. त्याचा चेहरा बघून मर्लला इतकं समाधान वाटलं की ती लाटेकडं पाठ करून उभी राहिली. समुद्राकडं पाठ करायची नसते हे ती पोरवयापासून जाणत होती.

लाट घरासारखी आली. तिनं मर्लला उचललं, खांबावर खांदा आदळवला, पलटी दिली आणि उथळ पाण्यात फेकलं. मशीन डाव्या हाताच्या पट्ट्याला अडकून तसंच कानात बोलत होतं. उजवा हात मात्र लोंबत होता. खांदा निखळून काखेत आला होता. ती ओरडली, पण तोंडात वाळू होती.

डोळे पुसून बघितलं तर डार्सी झाऱ्यापाशी उभा. छातीशी तिच्या झाऱ्याचा दांडा कवटाळून धरलेला, कारण लाटा तो उपटून नेऊ बघत होत्या. प्रत्येक लाट त्याला खांबावर आपटायची. कालवांनी पाठीची सालटी निघत होती आणि पाणी लाल होऊन वाहत होतं. आणि तो खणत नव्हता. त्याचा स्वतःचा झारा कधीच वाहून गेला होता.

"पेनी हाय रं, येड्या!" मर्ल ओरडली. "तुला फसिवलं म्या! सोड, मरशील!"

"खोटारडी!" तो खोकत म्हणाला. "तुज्या तोंडावर दिसलं मला!"

"तांब्याचा सूर हाय त्यो!"

"मग सांग की, तू खण म्हणून! सांग!"

मर्लनं तोंड उघडलं. पेनीच तर होती. "तू खण" म्हणायला काय जात होतं? पण जीभ उचलेना. त्या जागेवर, त्या धक्क्याखाली, याला म्हणायचं, की घे तुझं तुला? आईनं हात धरून तेच मागितलं होतं.

"न्हाई म्हणणार!" ती ओरडली.

"मग ये आन् काढ! म्या धरून हाय, तंवर ये! भरती सुरू झालीया, थेरडे, ये लौकर!"

ती गुडघ्यांवर उठली. लोंबता हात सुटाच्या अर्ध्या उघड्या चेनीत कोंबला आणि पाण्यात शिरली. लाटेगणिक खांद्यात कुणी सुरी फिरवत होतं, आणि सुरी म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. ती पोचली. डाव्या अर्धवट बोटांनी तिनं दांडा धरला.

"पाय ठिव," ती म्हणाली. "दाब. जोरानं दाब की रं, मेल्या!"

डार्सीनं झाऱ्याच्या टाचेवर पाय दिला, तिनं दांडा मागं ओढला. चिकणमातीनं सोडायला वेळ लावला. मग लाट ओसरली आणि झारा वर आला. वाळू भोकांतून गळाली. आत एक गंजका आकडा, दोन शिंपले, एक दात, गुराचा का माणसाचा कोण जाणे, आणि आकड्याच्या वाकात अडकलेलं वाटोळं, जाड कडेचं, हिरवं पडलेलं पदक.

दोघांनाही ते एकाच वेळी ओळखू आलं. तोंडावर इतक्यांदा बसलेली वस्तू कशी विसरेल?

ते बाहेर कसे आले ते मर्लला नीट आठवत नाही. डार्सीनं तिला सुटाच्या कॉलरला धरून, मेलेलं वासरू ओढतात तसं ओढलं. कोरड्या वाळूत उताणं पाडलं, तिच्या काखेत टाच रोवली, मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"बाप खांदा कसा बसवायचा, ध्यानात हाय का?"

"बापच उखडायचा आदी. ओढ."

त्यानं ओढलं. खांदा खटकन आत गेला, आणि तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. आधीच मोडलेल्या नाकावर बसली. तो बाजूला पडून रडल्यासारखा हसला.

मग तिनं पदक वाळूवर घासलं. हिरवं निघालं, खाली लाल. एका कडेला नखाएवढा पिवळा मुलामा शिल्लक होता. तिनं तो नखानं खरवडला, तर तोही निघाला.

"तांबं," ती म्हणाली.

डार्सीनं ओढून घेतलं, दातानं चावलं, मग उन्हात धरलं.

"म्या त्या खांबाखालनं मोठ्या ओहोटीला, पानी आटल्यावर, किती येळा गेलो असंन, कुणास ठावं," तो म्हणाला. "तांब्याचं तोंड बांधून."

"मीबी."

"म्हंजी तू घेतलं नव्हतंस."

"तुज्या बुटातबी नव्हतं."

"सोनं हाय म्हणायचा," डार्सी म्हणाला. भुवईवरचा व्रण रक्तानं भरला होता. "खोट्या माणसाला कुणी सोनं..." तो एकदम उठला, लंगडत पाण्याच्या कडेला गेला आणि पदक फेकायला हात मागं नेला.

मर्लनं तशा अंगानं उठून मागून त्याचं मनगट धरलं. दोन बोटं अर्धी होती तरी पकड खाटकाची होती.

"सोड मर्ल! जाऊ दे त्याला समुद्रात, भडव्याला!"

"कचरा परत टाकायचा न्हाई," ती म्हणाली. "टाकलास तर पुन्हा कुणाला तरी घावंल. पुन्हा कुणीतरी खणंल."

हाही डनलीचा नेमच. निघालं ते न्यायचं, वाईट असलं तरी. डार्सीनं मूठ उघडली. मर्लनं पदक घेतलं आणि कमरेच्या कचऱ्याच्या पिशवीत, बियरच्या डब्यांच्या कड्यांत आणि गंजक्या गळांत टाकलं. वर पिशवीची दोरी दातानं आवळली.

वर रस्त्यावर धोंड्यांच्या राशी उन्हात तापत पडल्या होत्या. खाली भरती वाळू आणू लागली होती, निळी माती झाकत चालली होती. दोघं किनाऱ्यानं वर निघाले. तो लंगडत, ती वाकडी.

"मशीन पाण्यात लई भारी बोलतं का गं?" त्यानं जरा वेळानं विचारलं.

"बुडलं, आपटलं, तरी बोलत हुतं. तुज्या बायकूगत."

"मग एक ओहोटी दे की मला. उद्याची."

"हात लावलास तर दुसरा खांदा तुजा काढीन."

चार पावलं गेल्यावर तिला मशीन पेलवेना. तिनं ते हातातून सोडवलं आणि त्याच्या छातीवर ढकललं, गळ रुतला होता त्याच बाजूला, मुद्दाम.

"गाडीपातुर धर," ती म्हणाली. "आन् कुणाचं तोंड बांधू नगंस. असू दे तसंच."